डिम्पनासाठी फावडी

मॅलकी टार्पीचे हात आधी चालायचे आणि डोकं मागून, सावकाश यायचं. क्लूनारात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मिसरूड फुटायच्या आत त्याने जत्रेत एका घोडेवाल्याचे पुढचे दात पाडले होते, कारण त्या बिचाऱ्याने टार्पींच्या घोडीला म्हातारी म्हटलं. घोडी म्हातारीच होती, पण ते टार्पींनी म्हणायचं, परक्याने नाही. हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळात मॅलकी काठी घेऊन मैदानात उतरला की समोरच्या संघातल्या पोरांच्या आया जपमाळ काढून बसायच्या.

गावात त्याला पुरून उरणारा एकच होता, शेजारचा जार्लथ लोहान. दोघांच्या शेतांमध्ये एकच दगडी बांध. जार्लथचं नाक डावीकडे वाकलेलं होतं, ते मॅलकीने वाकवलेलं. मॅलकीच्या उजव्या कानाचा वरचा तुकडा नव्हता, तो जार्लथने चावून काढलेला. इतकी देवाणघेवाण झाल्यावर दोस्ती होणारच. दर वसंतात दोघं मिळून दलदलीवर टर्फ कापायला जात. मॅलकी लांब पात्याच्या कुदळीने त्या काळ्या ओल्या मातीच्या विटा कापून वर फेकायचा, जार्लथ त्या हवेतच झेलायचा. एकही वीट खाली पडायची नाही. त्या वाळल्या की दोन्ही घरांच्या अंगणात गंज्या रचल्या जायच्या आणि वर्षभर दोन्ही चुली त्यावर पेटायच्या.

मॅलकीला आवरणारं माणूसही एकच होतं, त्याची बायको डिम्पना. अंगाने काडी, छाती कमजोर, जीभ मात्र वस्तऱ्यासारखी. त्याची मूठ वर गेली की ती जागची न हलता एवढंच म्हणायची, "मॅलकी, हात." आणि तो हात खाली यायचा. पोलिसांना जमलं नाही, फादरना जमलं नाही, ते या बाईला एका शब्दात जमायचं. मूलबाळ नव्हतं. "एक पोर सांभाळतेय की मी," असं ती पाहुण्यांसमोर नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणायची आणि तो खुर्चीत अवघडून हसायचा.

नोकरी त्याला वीजकेंद्रात होती. ते केंद्रही टर्फ जाळूनच चालायचं. मॅलकी दलदलीवर त्यांचं मोठं यंत्र हाकायचा, आणि अर्ध्या परगण्यातले दिवे आपल्या जिवावर लागतात असं त्याला मनापासून वाटायचं. मग वरून हुकूम आला. टर्फचा धूर वाईट, दलदल ओली राहिली पाहिजे, केंद्र बंद. एका सकाळी सुरुंग लावून चिमणी पाडली. बघायला लोक सँडविच बांधून आले होते. चिमणी गुडघ्यात वाकली, कोसळली, आणि मागे उभ्या एका शहरी माणसाने टाळ्या वाजवल्या. मॅलकीने त्याला जागच्या जागी आडवा केला. मग तो रडत घरी आला.

पुढच्या वर्षी घरच्यापुरती टर्फ कापायलाही बंदी आली. बंदी सांगायला जो अधिकारी आला, त्याच्या जीपला मॅलकी आणि जार्लथ दोघांनी खांदा लावला आणि ती त्याच्यासकट दलदलीच्या चरात लोटली. काळं पाणी काचांपर्यंत चढलं तसा तो माणूस आतून आईला हाका मारू लागला. त्याला बाहेरही याच दोघांनी काढलं, पण न्यायाधीशाने ते फारसं मनावर घेतलं नाही. महिनाभर दोघं एकाच कोठडीत होते. सुटून आले तेव्हा गावाने त्यांना बँड लावून घरी नेलं, आणि बंदी कागदावरच राहिली.

तर हा असा माणूस. त्याने पवनचक्कीवाल्यांच्या कागदावर सही केली, हे कळलं तेव्हा क्लूनारात कुणाचा विश्वासच बसेना.

कारण साधं होतं. घराच्या भिंती ओलीने सुटल्या होत्या, तेल परवडत नव्हतं, विजेचं बिल आलं की ते पाकीट दोन दिवस टेबलावर तसंच पडून राहायचं. डिम्पनाला खोकला लागला की ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, या बाईला कोरडं, उबदार घर हवं. कंपनीने टार्पींच्या माळावर तीन मनोरे मागितले. मॅलकीने सही केली आणि जार्लथला सांगितलं नाही. सांगायला गेलाही होता, बांधापर्यंत. तिथून परत आला. जीप चरात लोटणाऱ्या माणसाला बांध ओलांडवला नाही, यावरून काय ते समजा.

जार्लथला ते ट्रकांवरून कळलं. मनोऱ्यांकडे जाणारा रस्ता टाकताना दलदलीच्या ज्या कड्यावर दोघांनी जन्मभर टर्फ कापली तो कडाच खडीखाली गेला. आणि चक्क्या फिरायला लागल्यावर त्यांच्या पात्यांची सावली दर सकाळी लोहानांच्या स्वयंपाकघरातून सपासप जायला लागली. जार्लथची म्हातारी आई चुलीपाशी बसायची. ती दर सावलीला दचकून मान खाली घालायची.

मॅनियनच्या दारूगुत्त्यात दोघं समोरासमोर आले.

"या, मालक," जार्लथ म्हणाला. "कसं चाललंय वाऱ्याचं दुकान?"

"नीट बोल."

"नीटच बोलतोय. वीज इथे बनते, आणि जाते कुठे? डब्लिनला. तिथे म्हणे गोदामं भरून कंप्यूटर आहेत, त्यांना उकडतं. त्यांना वारा घालायला तू माझ्या आईच्या खिडकीत भोवरा लावलास."

"डिम्पनाची छाती तुला माहीत आहे, जार्लथ."

"माहीत आहे ना! माझ्या घरी येऊन सांगितलं असतंस तर मी स्वतः पेन आणून दिलं असतं. तू चोरासारखी सही केलीस, भाड्या."

मॅलकीने बसायचा स्टूल उचलला. जार्लथचा जबडा मोडल्याचा आवाज रस्त्यावरच्या लोकांनी ऐकला. डिम्पना तिथे नव्हती.

जबड्याला तारा बांधून जार्लथ गव्हाच्या खिरीवर राहिला आणि क्लूनाराने टार्पींचं घर वाळीत टाकलं. कुणी ठराव केला नाही, त्याची गरज नसते. दुकानात मॅलकी शिरला की बोलणं थांबायचं. त्याच्या गाडीची चाकं कुणी चिरली. बाजारात त्याची वासरं कुणी हुंगेना. आणि एका सकाळी त्याचा कुत्रा कंपनीच्या फाटकाला तारेने लटकवलेला मिळाला, जीभ बाहेर, मागचे पाय मोडलेले. मॅलकीने तो स्वतः उतरवला, एका जुन्या कोटात गुंडाळला आणि घरामागे पुरला. एक शब्द बोलला नाही. डिम्पनाला त्या न बोलण्याचीच भीती वाटली.

"जार्लथ कुत्र्याला हात लावणार नाही," ती म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"नाही बोललास, म्हणूनच सांगते."

रविवारी अख्खं गाव चर्चमध्ये मिस्सेला गेलं. डिम्पनाही गेली. मॅलकी मागे राहिला, त्याने रॉकेलचा डबा घेऊन दिवसाढवळ्या बांध ओलांडला, आणि लोहानांची टर्फची गंजी पेटवली. या भागात कुणाचं डोकं फुटलं तर लोक विसरतात. गंजी जाळलेली विसरत नाहीत. ते अख्ख्या वर्षाचं घर असतं. सणसणीत वारा होता. गंजीबरोबर शेड गेली, शेडमध्ये बांधलेली गाभण गाय गेली. तिचं ओरडणं चर्चपर्यंत पोचलं आणि लोक प्रार्थना अर्धवट टाकून धावले. जार्लथ आगीत शिरला आणि हाताची कातडी सोलून बाहेर आला, हातात फक्त दाव्याचा तुकडा.

डिम्पना घरी आली. मॅलकी टेबलाशी बसला होता. तिने त्याचा कोट खुंटीवरून काढला, नाकाला लावला आणि परत टांगला.

"त्या घरात ब्याऐंशी वर्षांची बाई आहे," ती म्हणाली. "आणि हिवाळा अजून सुरूही झालेला नाही."

"त्यांनी माझा कुत्रा मारला."

"मला मातीत घालायला कोण येणार, मॅलकी? मी गेले तर खड्डा कोण खणणार? हा विचार केलास?"

मॅलकीने हा विचार केला नव्हता. क्लूनारात कबर शेजारी खणतात. घरच्यांनी फावड्याला हात लावायचा नसतो आणि शेजाऱ्यांना बोलवायचंही नसतं. ते आपणहून येतात. खणणाऱ्याला मजुरी देऊ केली तर तो शिवी दिल्यासारखा निघून जातो. किलक्रोनच्या टेकडीवर जागा कमी, एकाच कबरीत चार-चार पिढ्या. जुनी हाडं लागली की खणणारे ती हाताने उचलतात, पांढऱ्या कापडात ठेवतात आणि नव्या पेटीखाली परत लावतात. आपल्या माणसांची हाडं ओळखीच्या हातांत जावीत एवढीच अपेक्षा असते. डिम्पनाला तिच्या आईच्याच कबरीत जायचं होतं. लग्नाच्या आधीपासून ती हे सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने एकचाकी हातगाडी काढली, स्वतःच्या गंजीतली टर्फ भरली आणि ढकलत लोहानांच्या घरी नेऊन टाकली. मग रोज. खोकत, थांबत, बांधाला टेकत. घरात कंपनीच्या पैशाने बसवलेली, खोल्या उबदार ठेवणारी नवी गरम नळांची सोय होती, आणि ही बाई बाहेर गारठ्यात शेजाऱ्याची चूल पेटवत होती. जार्लथने पहिल्या दिवशी दार उघडलं नाही. पुढे उघडायला लागला. पुढे तो अर्ध्या रस्त्यात सामोरा यायला लागला, भाजलेल्या हातांनी गाडी घ्यायला. मॅलकी खिडकीतून बघायचा. एकदाही बाहेर आला नाही. तेवढंच करायचं होतं, गाडीचा दांडा धरायचा होता, आणि ते त्याच्याने झालं नाही. याबद्दल त्याला कुणीही माफ करू नये, असं मला वाटतं.

फेब्रुवारीत, गारा पडत असताना, ती लोहानांच्या फाटकाशी गाडीवर ओणवी पडली आणि उठली नाही. जार्लथने तिला उचलून घरी आणलं. मॅलकीने दार उघडलं, बायकोला त्याच्या हातात पाहिलं आणि काही न कळून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. जार्लथ भेलकांडला, पण त्याने तिला खाली पडू दिलं नाही. आत जाऊन टेबलावर ठेवलं, तिचा स्कर्ट गुडघ्यांवर नीट केला.

"गाडी नंतर आणून देतो," तो म्हणाला आणि रक्त पुसत निघून गेला.

रात्र जागवायला बायका आल्या. त्यांनी डिम्पनाला न्हाऊ घातलं, हातात जपमाळ दिली, चहा केला, हॅम कापलं. पुरुष आले नाहीत. ते रस्त्यावर टोप्या काढून उभे राहिले आणि तिथूनच परतले. मॅलकीने खिडकीतून एकेक टोपी ओळखली. जार्लथ त्यात नव्हता.

दोन दिवसांनी पुरायचं होतं. कबर आदल्या सकाळी उघडायची. मॅलकी दार उघडून, कान लावून बसला होता. साधारण नऊच्या सुमाराला फावडी खांद्यावर टाकून माणसं टेकडीवर जातात, आणि जाताना घराकडे मान हलवतात. आठ वाजले होते. त्याला ती नऊची वेळ बघायची नव्हती. रस्ता रिकामा राहिला तर? तिने विचारलं होतं, खड्डा कोण खणणार, आणि तिच्यासमोर तो रिकामा रस्ता बघायचा? त्याच्याने ते सोसणारच नव्हतं. त्याने कंपनीच्या ट्वोमीला फोन लावला. हा ट्वोमी कॉर्ककडचा, जागेवरचा मुकादम, सरळ मनाचा माणूस.

"मिस्टर टार्पी, छोटा जेसीबी इथेच आहे," ट्वोमी म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम. पण तुमच्याकडे शेजारी खणतात ना? आमच्याकडेही तसंच आहे."

"आमच्याकडे शेजारी उरले नाहीत. आण तू."

ट्वोमीने यंत्र टेकडीवर चढवलं. फाटकाचा एक दगडी खांब त्यात गेला. डिम्पनाच्या आईची कबर आणि लोहानांची कबर यांच्यात हातभर अंतर. यंत्राने पहिला घास घेतला तो हिरवळीचा. दुसऱ्या घासात लोहानांच्या दगडाचा कोपरा उडाला. तिसऱ्या घासात बकेट वर आली तेव्हा दातांमध्ये कुजलेली फळी अडकली होती, आणि तिच्याबरोबर एक लांब, तपकिरी हाड.

"बंद कर!" मॅलकी ओरडला. आवाजात ऐकू गेलं नाही. "अरे बंद कर, ती तिची आई आहे!"

तेव्हाच खालून माणसं वर आली. सात-आठ जण, खांद्यावर फावडी, पुढे जार्लथ. त्याच्या काखेत घडी घातलेली पांढरी चादर होती. ते नऊलाच निघाले होते, जसे नेहमी निघतात. टार्पींच्या घराकडे मान हलवायला थांबले, तर दार उघडं आणि मॅलकीचा पत्ता नाही.

जार्लथने बकेटकडे पाहिलं. चादर दगडावर ठेवली. फावडं उलटं धरून त्याने यंत्राची काच एका फटक्यात फोडली आणि ट्वोमीला कॉलरला धरून बाहेर ओढला. ट्वोमी चिखलातून उठला आणि थेट फाटकाबाहेर पळाला. त्याचं चुकलं नाही.

मग जार्लथ मॅलकीकडे वळला.

"आम्ही येत होतो," तो म्हणाला.

"मला वाटलं..."

"आम्ही येत होतो, हरामखोरा! तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी! गटार उपसतात तसं उपसलंस तिच्या आईला?"

मॅलकीने पहिला ठोसा मारला. का मारला ते त्यालाही सांगता आलं नसतं, हात आधी चालायचे. जार्लथने तो तोंडावर घेतला आणि फावड्याचा दांडा त्याच्या बरगड्यांत घातला. मग बाकीचे आले. जन्मभर ज्याच्याशी कुणी वाकडं घेतलं नाही त्याला त्यांनी त्या सकाळी मनसोक्त बडवला. गंजीसाठी बडवला, गाईसाठी बडवला, स्टुलासाठी बडवला. बुटांनी तुडवला. त्याचा हात धरून दगडावर ठेवला आणि जार्लथने टाचेखाली बोटं चिरडली. मॅलकी आधी लढला, चावला, एकाचा डोळा बंद केला. मग त्याने हात सोडून दिले. मार खाताना त्याला बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी काहीतरी करत होतं.

"कुत्रा मी नाही मारला," जार्लथ वरून धापा टाकत म्हणाला.

"माहीत आहे," मॅलकी म्हणाला. तोंडातून दात आणि रक्त एकदम बाहेर आलं. "तिने सांगितलं होतं."

तिथे सगळे थांबले. त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि कामाला लागले. एकाने बकेटमधून ते हाड काढलं, बाहीने पुसलं, जार्लथने चादर पसरली. मग पुढचं सगळं फावड्यांनी. खडकाळ टेकडी आहे, पहार लागली. कडेच्या मातीच्या भिंती त्यांनी हाताने थोपटून सरळ केल्या. डिम्पनाची आई, तिची आजी, सगळं हाडून् हाड चादरीत गोळा झालं. जार्लथच्या भाजलेल्या हातांची नवी कातडी पुन्हा फाटली, दांडा लाल झाला, पण त्याने फावडं दुसऱ्याला दिलं नाही. मॅलकी एका डोळ्याने बघत होता, दुसरा सुजून मिटला होता. कबर सुबक झाली होती. डिम्पनाला आवडली असती, तिला सगळं नीटनेटकं लागायचं.

शेवटी त्यांनी दोन फावडी कबरीच्या तोंडावर आडवीतिडवी, फुली करून ठेवली. उघडी कबर अशीच ठेवतात. टोप्या काढल्या, एक प्रार्थना म्हटली, आणि खाली उतरायला लागले. जार्लथ मागे राहिला. तो मॅलकीसमोर येऊन उभा राहिला.

"उद्या खांदा देऊ, माती लोटू," तो म्हणाला. "तिचं ऋण होतं, फिटेल असं नाही, पण करू. टार्पींच्या घरातलं हे शेवटचं. तुझ्यासाठी तो जेसीबी सांभाळून ठेव."

मॅलकीची धड असलेली मूठ वळली, वर गेली, आणि हवेत तशीच राहिली. त्याने कबरीकडे पाहिलं. तो वाट बघत होता. जार्लथही कोण जाणे का, थांबला होता. टेकडीवर वारा होता, खाली माळावर तिन्ही चक्क्या गरगरत होत्या. डिम्पनाचा तो शब्द कुणी उच्चारला नाही. जार्लथ वळून निघून गेला, आणि मॅलकी हात वर धरूनच बसला, कारण तो खाली कसा घ्यायचा हे त्याला माहीत नव्हतं.